साडेपाच आणि सहा

२ डिसेंबर २०२५. नगरपरिषदेच्या मतदानाचा दिवस. आमच्या मोहल्ल्याचं केंद्र उर्दू शाळेत असतं. ज्या शाळेत आम्ही अलिफ-बे गिरवलं, त्याच शाळेच्या पहिल्या वर्गात आता मतदान यंत्र ठेवतात. आम्ही सकाळीच मत देऊन आलो होतो. बोटाची शाई एकमेकांना दाखवत चहा पिऊन झाला होता. दुपारी गल्लीतून जाताना खाला ओट्यावर बसलेली दिसली. ती आमची सख्खी खाला नव्हे, साऱ्या मोहल्ल्याची खाला. एकाहत्तर साली इंदिराबाईंच्या ‘गरिबी हटाओ’च्या निवडणुकीत तिनं पहिलं मत दिलं. तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नाही, असं ती अभिमानानं सांगते.

‘‘खाला, वोट डालने गये नै क्या अबतक?’’ आम्ही विचारलं.

‘‘बहू खेत में गयी हय रे. उसके बच्चे मेरे पास. वो आयी तो दोनो मिलके जाते. कितने बजे तक हय?’’

आम्ही घड्याळही न बघता सांगितलं, ‘‘छे बजे तक हय. आराम से जाओ.’’

सून पाच वाजता आली. हातपाय धुतले, पोरांना खायला दिलं. खालानं असरची नमाज अदा केली होती, तिनं बुरखा चढवला. शेजारच्या दोघी निघाल्या, त्याही सोबत झाल्या. चौघी शाळेपाशी पोचल्या तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि फाटक बंद होतं. फाटकावरचा हवालदार सरळ माणूस होता. तो म्हणाला, ‘‘आजी, साडेपाचला संपलं. आत आहेत त्यांचंच चालू आहे.’’

आम्ही धावत गेलो. थोडा आवाज चढवला, ‘सहापर्यंत वेळ असते’ म्हणून सांगितलं. हवालदारानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर स्पष्ट छापलं होतं, सकाळी ७.३० ते सायंकाळी ५.३०. तो कागद सकाळीही तिथेच होता. आम्ही त्याच्याखालून आत गेलो होतो आणि बाहेर आलो होतो.

खाला काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, ‘‘तूच बोल्या था ना रे, छे बजे तक?’’

नियम चुकला नव्हता, हवालदार चुकला नव्हता. चुकलो होतो आम्ही. रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे, नाक्यावर दिल्लीपासून गल्लीपर्यंतच्या राजकारणावर बोलणारे आम्ही. त्या दिवसापासून आम्ही एक काम हाती घेतलं. मतदानाचे आणि मतमोजणीचे नियम शांतपणे समजून घ्यायचे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत. आमच्यासारखे आणखी पुष्कळ असतील, अशी आमची खात्री आहे.

पहिली गोष्ट, या देशात निवडणुकीची दोन घड्याळं आहेत. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेतो, संविधानाच्या ३२४व्या कलमाखाली. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर आला. दोन आयोग, दोन कायदे, दोन वेळा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या ५६व्या कलमात एवढंच म्हटलं आहे की मतदानाची वेळ आयोगानं ठरवावी आणि ती एका दिवसात आठ तासांपेक्षा कमी नसावी. त्यामुळे २० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला आपल्याकडे वेळ सात ते सहा होती, तर त्याच दिवशी गडचिरोली जिल्ह्यात मतदान दुपारी तीनलाच संपलं, सुरक्षेच्या कारणानं. आणि वर्षभरानंतर नगरपरिषदेला साडेसात ते साडेपाच.

अर्ध्या तासाचा हा फरक ऑफिसात काम करणाऱ्याला जाणवत नाही, कारण तो सुट्टी घेऊन सकाळी जातो. तो जाणवतो रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला, मागावर बसणाऱ्याला, हातगाडीवाल्याला. त्यांची संध्याकाळच पाचनंतर सुरू होते. आमच्या वस्तीतली निम्मी मतं तरी अशी संध्याकाळची असतात. शिवाय नगरपरिषदेला एकाच मतदाराला नगराध्यक्षासाठी वेगळं आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं असतं. एक माणूस आत गेला की विधानसभेपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे रांग हळू आणि वेळ कमी. आम्हाला हे ठाऊक असतं तर खालाला ‘आराम से’ म्हटलं नसतं.

दुसरी गोष्ट मात्र आम्हाला ठाऊक होती, कारण ती आमच्या डोळ्यांसमोर घडली होती. विधानसभेच्या त्याच २०२४च्या निवडणुकीत आमच्यातले काहीजण संध्याकाळी पावणेसहाला रांगेत उभे राहिले. पुढे तीस-पस्तीस माणसं. सहा वाजायला आले तशी कुजबुज सुरू झाली. ‘अब क्या फायदा, चलो घर.’ दोघंतिघं रांगेतून बाहेरही पडले. तेवढ्यात आतून एक शिक्षिका आल्या. त्या निवडणुकीच्या कामावर होत्या. हातात कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या, त्यांवर सही आणि क्रमांक. आम्हाला वाटलं, पुढून वाटत येतील. त्या थेट रांगेच्या शेवटाला गेल्या. सर्वांत मागे उभ्या असलेल्या पोराच्या हातात त्यांनी १ नंबरची चिठ्ठी दिली, त्याच्या पुढच्याला २, मग ३, आणि तशा पुढे पुढे सरकत आल्या.

आधी आम्ही हसलो. मग लक्षात आलं, यात केवढी अक्कल आहे. पुढून वाटल्या तर मागे नवे लोक येऊन उभे राहतील आणि शेवट कुठे आहे ते कळणारच नाही. मागून वाटल्या की शेवट पक्का झाला. त्यानंतर आलेला आत येणार नाही आणि त्याआधी आलेला बाहेर राहणार नाही. निवडणूक संचालन नियमांचं सांगणंच असं आहे. ठरलेल्या वेळी केंद्र बंद करायचं, पण बंद होण्याआधी जे हजर असतील त्या सर्वांना मत देऊ द्यायचं, मग रात्रीचे आठ वाजोत की नऊ. अमुक माणूस वेळेत हजर होता की नाही असा वाद झाला, तर तो तिथल्या केंद्राध्यक्षानं मिटवायचा.

आमच्यातले एक बुजुर्ग रांगेत होते. ते म्हणाले, ‘‘ये तो जमात का मसला हय.’’ त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. जमातीत उशिरा पोचलेला माणूस इमामनं सलाम फेरण्याआधी सामील झाला, तर त्याला जमात मिळाली. सुटलेल्या रकाती तो नंतर उठून पुऱ्या करतो. त्याला मसबूक म्हणतात. कुणी त्याला मागे लोटत नाही. पण सलाम फिरल्यावर आलेल्याची जमात गेली ती गेलीच. मतदानाच्या रांगेचाही हाच हिशेब. दारात पोचणं महत्त्वाचं, आणि पोचल्यावर रांग न सोडणं त्याहून महत्त्वाचं. त्या दिवशी जे दोघंतिघं ‘क्या फायदा’ म्हणून निघून गेले, त्यांचं मत कुणी हिरावून घेतलं नाही. त्यांनी ते स्वतःच टाकून दिलं.

त्या संध्याकाळवर पुढे राज्यभर गदारोळ झाला. आयोगानं संध्याकाळी पाचपर्यंतचं मतदान ५८.२२ टक्के सांगितलं होतं. शेवटचा आकडा निघाला ६६.०५ टक्के. एवढी मतं शेवटच्या तासात आणि सहानंतर कशी वाढली, असा प्रश्न विरोधी पक्षांनी केला. आयोगाचं म्हणणं असं की पाचचा आकडा हा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो आणि खरा हिशेब केंद्रावरच्या फॉर्ममध्ये असतो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जून २०२५मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली.

आमच्या नाक्यावर यावर दोन तट पडले. एकजण म्हणे, सगळा घोटाळा आहे. दुसरा म्हणे, आपण स्वतः सातला मत देऊन आलो ना, मग सहानंतर मतं पडत नाहीत असं कसं म्हणता? आम्हाला दोघांचं अर्धं अर्धं पटलं. सहानंतर मतं पडतात, हे आमच्या हातातल्या चिठ्ठ्यांनीच सांगितलं होतं. पण कुठल्या केंद्रावर किती चिठ्ठ्या वाटल्या, हे लोकांना सहज बघायला मिळालं असतं तर अर्धा संशय तिथेच मिटला असता. झालं उलटंच. डिसेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारनं नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्रावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण वगैरे सामान्य माणसाला मागून पाहण्याची वाट अरुंद केली. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यानं खिडकी का लावून घ्यावी, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

मात्र दुसऱ्याच्या खिडकीबद्दल बोलताना आपलं दार उघडं आहे का, तेही बघावं लागतं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एक फॉर्म भरतात, १७-क. त्या यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली याचा तो हिशेब. त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला द्यावी, असा नियम आहे. मोजणीच्या दिवशी यंत्र उघडल्यावर आकडा त्या प्रतीशी ताडून बघायचा. म्हणजे संशयाचं औषध हातात दिलेलं आहे. पण आमच्या मोहल्ल्यातले किती पोलिंग एजंट शेवटपर्यंत बसतात? सकाळी गळ्यात बिल्ला घालून फोटो काढतात, दुपारी बिर्याणीचं पाकीट येतं, चार वाजता एकेक पोरगं गायब. विधानसभेला आमच्या केंद्रावर सील लागताना आपल्याकडचा एकच मुलगा हजर होता, आणि त्यानं घेतलेली प्रत दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं भाजीची पिशवी झाडताना फेकून दिली. कारस्थानाच्या कथा आम्ही रात्रभर सांगू शकतो. एक कागद तीन दिवस जपून ठेवणं मात्र आम्हाला जमत नाही.

आता फेरमोजणीकडे येतो, कारण २१ डिसेंबर २०२५ला, नगरपरिषदेच्या मोजणीच्या दिवशी, आमचं खरं शिक्षण झालं.

आमच्या प्रभागातून उभा असलेला पोरगा आमच्यासमोर वाढलेला. पाण्याच्या टँकरसाठी, रेशनकार्डासाठी धावणारा. तो हरला. मतं बोटांवर मोजण्याइतकी कमी पडली. आकडा जाहीर झाला तसा आमच्या पोरांनी दंगा सुरू केला. घोषणा झाल्या, कुणी टेबलावर हात आपटला, कुणी मोबाइलवर ‘अन्याय’ म्हणून बोलायला लागला. अधिकाऱ्यांनी माइकवरून विचारलं, कुणाचा लेखी अर्ज आहे का? आमच्यापैकी कुणीच ऐकलं नाही. सगळे बोलत होते, लिहीत कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं एक वकील ओळखीचे भेटले. त्यांनी सांगितल्यावर कागद शोधला, पेन शोधलं, अर्ज लिहिला आणि आत नेला. तोवर निकालपत्रावर सही झाली होती. अर्ज परत आला.

लोकसभा-विधानसभेसाठी हे निवडणूक संचालन नियम, १९६१मधल्या नियम ६३मध्ये लिहिलेलं आहे. मोजणी पूर्ण झाली की अधिकारी प्रत्येक उमेदवाराची एकूण मतं जाहीर करतो. त्यानंतर उमेदवार, किंवा तो नसेल तर त्याचा प्रतिनिधी, फेरमोजणीचा अर्ज करू शकतो. अर्ज लेखी हवा. त्यात कारण हवं. सगळ्या मतांची फेरमोजणी मागता येते किंवा काही भागाची. अधिकाऱ्यानं अर्ज मान्य करावा किंवा, तो उगाच केलेला वाटला तर, फेटाळावा, पण कारण लिहूनच. अर्ज करायला पुरेशी संधी देणं हे त्याचं कर्तव्य. एकदा निकालपत्रावर सही झाली की मात्र तिथलं दार बंद. आत असाल तर मिळेल, बाहेर असाल तर नाही. शाळेच्या फाटकासारखंच हेही एक फाटक आहे, आणि त्याच्यावर तर वेळही लिहिलेली नसते.

अमेरिकेतल्या काही राज्यांत फरक ठरावीक टक्क्यांहून कमी असला की फेरमोजणी आपोआप होते. फ्लोरिडा राज्यात ही मर्यादा अर्धा टक्का आहे. २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत बुश आणि गोर यांच्यातला तिथला फरक शेवटी ५३७ मतांचा ठरला आणि वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या नियमांत अशी आपोआप होणारी फेरमोजणी नाही. आयोगाची एक सूचना आहे, की जिंकण्याचा फरक बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावीत. बाकी सगळं मागणाऱ्यावर आहे. आपल्याकडे मागावं लागतं, वेळेत मागावं लागतं आणि लिहून मागावं लागतं.

हे नियम कागदावरचे वाटतात. पण २०२४ सालीच महाराष्ट्रानं त्यांचं वजन पाहिलं. मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना रवींद्र वायकर यांच्यापेक्षा एक मत जास्त होतं. लाखो मतांत एक मत! टपाली मतं धरल्यावर वायकर ४८ मतांनी जिंकले. पुढे कोर्टात वाद झाला. फेरमोजणीची मागणी योग्य वेळी झाली का, हा त्यातला एक मुद्दा. दुसरा मुद्दा टेंडर व्होटचा. आपण केंद्रावर जावं आणि आपल्या नावावर आधीच कुणीतरी मत टाकून गेलेलं असावं, अशा वेळी ओळख पटवून आपल्याला वेगळी मतपत्रिका मिळते. ती पाकिटात बंद राहते, साध्या मोजणीत धरत नाहीत, कोर्टानं सांगितलं तरच तिचा विचार होतो. डिसेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयानं कीर्तिकर यांची याचिका फेटाळली.

त्याच वर्षी मालेगाव मध्य विधानसभा मतदारसंघात मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांनी आसिफ शेख यांचा १६२ मतांनी पराभव केला. दोघांनाही एक लाखाच्या वर मतं. १६२ माणसं म्हणजे किती? यंत्रमागाच्या दोन गल्ल्या. एखाद्या लग्नातल्या जेवणाच्या दोन-तीन पंगती. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं हरले. ते तेव्हा प्रदेशाध्यक्ष होते. आणि २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली. फेरमोजणी करूनही सारखीच. शेवटी चिठ्ठी काढून निकाल लावला. आपली वर्तमानपत्रं तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. आम्हाला प्रत्येक वेळी वाटतं, ईश्वराला कशाला तसदी दिली? कुठल्या तरी गल्लीतली एक खाला साडेपाचच्या आत पोचली असती तरी काम झालं असतं.

यंत्रावर विश्वास नाही, असं म्हणणारे आमच्यात खूप आहेत. त्यांनाही नियम काही देतो. मतदानाच्या वेळी काचेमागे जी चिठ्ठी दिसते, तिची मोजणी करा, असा लेखी अर्ज लोकसभा-विधानसभेला करता येतो. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक पडला तर चिठ्ठ्या खऱ्या धरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या आदेशानं प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतातच. २६ एप्रिल २०२४च्या निकालानं दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत पाच टक्के यंत्रं तपासून घेण्याची मुभा दिली. त्याला पैसे पडतात. २०२४ साली एका यंत्रसंचामागे ४० हजार रुपये आणि वर कर असा दर होता, दोष सापडला तर परत मिळणारा. गरीब उमेदवाराला ही रक्कम जड आहे, आणि यावर बोललं पाहिजे. पण आपण बोलतो भलतंच.

त्याच डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी आपल्या गावचं मतदान कागदावर पुन्हा घेऊन पाहायचं ठरवलं होतं. प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. त्या गावकऱ्यांची तळमळ आम्हाला कळते. आपलं मत नीट मोजलं गेलं का, हे विचारणं गुन्हा नाही. पण आमच्या मनात जास्त घर केलं ते हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावानं. तिथे नोव्हेंबर २०२२मध्ये सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्राच्या आकड्यांत घोळ झाला आणि हरलेला माणूस कोर्टात गेला. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, तिथून सर्वोच्च न्यायालयात. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यंत्रं मागवून घेतली आणि आपल्या आवारात मोजणी करवली. एकाला १,०५१ मतं, दुसऱ्याला १,०००. निकाल उलटला. पावणेतीन वर्षं सरपंचकी दुसऱ्याकडे होती, तिची भरपाई नाही. तरी एका खेड्यातली मतं देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टात मोजली गेली, ती त्या माणसानं कागद जपले म्हणून आणि तो मुदतीत गेला म्हणून.

मुदतीचंही असंच आहे. लोकसभा-विधानसभेच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ४५ दिवस मिळतात. नगरपरिषदेसाठी जिल्हा न्यायालय, आणि मुदत अवघी दहा दिवस. आमच्या पोराला हे कळलं तेव्हा त्यातले सहा दिवस रागात गेले होते. उरलेल्या चार दिवसांत त्यानं वकिलाला कागद दाखवले. वकिलांनी विचारलं, केंद्रावरच्या हिशेबाच्या प्रती कुठे आहेत? चार केंद्रांपैकी एकाची निघाली. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘भाई, मी काय घेऊन उभा राहू?’’

आमच्यावर अन्याय होत नाही, असं आम्हाला म्हणायचं नाही. मतदार यादीतून नावं गळतात, दोन भाऊ दोन केंद्रांवर फेकले जातात, ‘मुहम्मद’ची चार स्पेलिंगं होतात. हे सगळं खरं आहे आणि त्याविरुद्ध लढायला हवं. पण लढाईत उतरणाऱ्यानं आपल्याकडे काय हत्यार आहे, ते तरी बघावं. शेवटच्या माणसाला १ नंबरची चिठ्ठी देणारा नियम कुण्या उपकारकर्त्यानं दिलेला नाही. तो आपलाही आहे. मात्र तो त्यालाच उपयोगी पडतो, ज्याला तो ठाऊक आहे आणि जो रांग सोडत नाही.

मोजणीनंतर आम्ही दहा-बाराजण जमातखान्यात बसलो. ठरलं की पुढच्या प्रत्येक निवडणुकीला वेळेचा एक फलक लावायचा. कुणीतरी म्हणालं, मशिदीत नमाजांच्या वेळांचा फळा आहे, त्याच्याखालीच लिहू. सगळ्यांची नजर तिथे रोज पाच वेळा जाते. सदरचाचांनी मान हलवली. ‘‘मशिदीत नको बेटा. वेळ लिहिणं वेगळं आणि प्रचार वेगळा, हे मला कळतं. पण उद्या कुणी फोटो काढून भलतंच सांगेल. धर्माच्या नावानं मत मागणं कायद्यात भ्रष्ट आचरण आहे, आणि आपल्या दीनलाही ते शोभत नाही. नाक्यावर लावा. तिथे सगळ्या जातीधर्माचे लोक चहा पितात, त्यांनाही उपयोग होईल.’’ चाचांचं म्हणणं आम्ही मानलं.

फलक आता चहाच्या टपरीशेजारी आहे. वरची ओळ मराठीत, खालची उर्दूत, कारण खालाच्या पिढीतल्या बायका उर्दूच वाचतात. उर्दू ओळ शाळेतल्या आठवीच्या मुलीनं लिहिली, तिचं अक्षर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे. तारीख आणि वेळ यांच्यासाठी जागा कोरी सोडली आहे. त्या जागेत छापील आदेश बघूनच लिहायचं, आठवणीवरून नाही, हा आमचा आम्ही केलेला नियम. त्याखाली कायमचं लिहून ठेवलं आहे: ‘वेळेत रांगेत पोचलात तर परत फिरू नका. चिठ्ठी घ्या. मोजणीत शंका असेल तर लिहून द्या.’

परवा खाला दवाखान्यातून येताना फलकापाशी थांबली. चष्मा वर करून उर्दू ओळ सावकाश वाचली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘‘अच्छा लिख्या हय. मगर मैं तो अगली बार सुबोच जाती. तुमारी घडी पे मेरेकू भरोसा नै.’’

आम्ही गप्प राहिलो. चहावाल्यानं तिच्यासाठी खुर्ची पुढे केली.